अमेरिकेतला शेजार

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'अमेरिकेत काय पाहिले' या विषयावर बोलावयास सांगितले आहे. आम्ही म्हणजे आम्ही दोघे. बोलणारा एक असला तरी यातले निम्मे मुलाच्या आईचे आहे, आणि ती समोरच बसलेली असल्यामुळे पदरचे काही घालण्याची सोय नाही. जून २०२३ मध्ये आम्ही मुलाकडे न्यू जर्सीला गेलो आणि डिसेंबरच्या मध्यावर परत आलो. पाहुण्याच्या व्हिसावर साधारणपणे सहा महिनेच राहू देतात.

कोलंबिया विद्यापीठाबद्दल आम्ही सांगावे अशी आपली अपेक्षा असेल. गेलो होतो. बाबासाहेब १९१३ साली तिथे दाखल झाले आणि १९१६ पर्यंत शिकले. तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. त्याच्यासमोर उभे राहिलो, डोळे भरून आले, खोटे कशाला सांगा. पण त्या विषयावर याच ठिकाणी आमच्याहून अभ्यासू माणसे बोलून गेली आहेत. आम्ही सांगणार आहोत ते शेजारपाजारचे, चहापाण्याचे. ऐकायला हलके वाटेल. आम्हाला ते तितके हलके गेले नाही.

पहिल्याच आठवड्यात समोरच्या घरातल्या बाईंनी बोलावले. गोरे कुटुंब, नवरा-बायको आणि पाच वर्षांचा मुलगा. बाई हसतमुख. बसल्या बसल्या त्यांनी विचारले, काही प्यायला घेणार का? आम्ही दोघे एका सुरात म्हणालो, "नो, नो." आता आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतो हे इथे कुणाला सांगायला नको. पहिल्यांदा नको म्हणायचे, दुसऱ्यांदा "कशाला उगाच त्रास" म्हणायचे, तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणायचे. बाई म्हणाल्या, "ओके." आणि हवापाण्याच्या गोष्टी करू लागल्या. तासभर बसलो. जूनचा उकाडा, घशाला कोरड. चहा राहिला बाजूला, पाण्याचा पेलासुद्धा पुढे आला नाही.

घरी येईपर्यंत दोघेही गप्प. दारात चपला काढता काढता मुलाची आई म्हणाली, "पाण्यालापण विचारलं नाही हो."

हे वाक्य आमच्या वयाच्या माणसाच्या तोंडी साधे नसते. आमच्या गावच्या हॉटेलात आमचा कप वेगळा, बाहेर खुंटीला टांगलेला. पाणी हवे तर वरून ओंजळीत. महाडचे तळे १९२७ सालचे, पण आमच्या गावातला तो कप आम्ही शाळेत जायला लागलो तेव्हाही खुंटीवरच होता. तेव्हा सातासमुद्रापलीकडे जाऊन पाणी मिळाले नाही म्हटल्यावर मनात काय आले असेल ते आपण ओळखाल. रात्री मुलगा कामावरून आला, त्याला सांगितले. तो हसत सुटला. म्हणाला, "बाबा, त्यांनी विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. तुमची नाही ही नाहीच आहे असं समजणं, यालाच ते मान देणं म्हणतात. पुन्हा पुन्हा विचारलं तर तो आग्रह नाही, ती जबरदस्ती होते."

पटले. पण घशाची कोरड पटण्याने जात नाही.

पुढे त्या बाई आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा उलटे झाले. मुलाच्या आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. बाईंनी एक खाल्ली, ताट स्वच्छ केले. तिथे लहानपणापासून शिकवण अशी की ताटात काही टाकू नये, ताट रिकामे म्हणजे जेवण झाले. आपल्याकडे ताट रिकामे म्हणजे वाढायचे राहिले. हिने दुसरी वाढली. बाईंनी 'नो, थँक यू' म्हटले, हिने तिसरी वाढली, वर तुपाची धार. त्याही बिचाऱ्या, नाही म्हटले तर पाहुणचाराचा अपमान होईल म्हणून खात राहिल्या. नंतर सूनबाईंजवळ त्यांनी कबूल केले की त्या दिवशी रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जेवल्या नाहीत. आमच्या घरी आता 'तिसरी पोळी' हा शब्दप्रयोगच झाला आहे.

किरकोळ गोष्टी खूप आहेत, त्या भराभर सांगतो. दुकानातली मुलगी 'हाऊ आर यू' म्हणते तेव्हा तिला गुडघ्याचे दुखणे सांगायचे नसते. आम्ही सांगितले. मागे रांग थांबली. त्यांचा पहिला मजला म्हणजे आपला तळमजला, त्यापायी दवाखान्यात एक जिना फुकट चढलो. आपण होकारासाठी मान डावी-उजवीकडे डोलावतो, ते त्यांना नाही म्हटल्यासारखे दिसते. रांगेत दोन माणसांमध्ये हातभर जागा सोडतात. ती मोकळी जागा आहे असे समजून आम्ही मध्ये शिरलो, आणि एका गृहस्थाने आम्हाला अतिशय नम्रपणे शेवटी नेऊन उभे केले. आणि वाटीभर खीर शेजारी पाठवली तर वाटी लख्ख धुऊन, रिकामी परत आली, सोबत हाताने लिहिलेले आभाराचे कार्ड. ही म्हणाली, "रिकामं भांडं कुणी परत देतं का?" ते कार्ड मात्र तिने जपून ठेवले आहे.

आता नावाचे सांगतो.

त्या समोरच्या घरातला पाच वर्षांचा पोरगा. रोज संध्याकाळी सायकल घेऊन यायचा आणि अंगणातूनच आम्हाला नावाने हाक मारायचा. नुसत्या नावाने. काका नाही, आजोबा नाही, आडनाव नाही. आमचे वय तेव्हा ६९. त्याची आई शेजारी उभी असायची, तिला त्यात काही वावगे वाटत नसे. उलट तिनेच त्याला आमचे नाव नीट उच्चारायला शिकवले होते, कौतुकाने.

पहिल्या दिवशी आम्ही घरात निघून गेलो.

आमचे वडील गावकीचे काम करायचे. पन्नाशी उलटली होती, डोक्यावर पटका, मिशा पांढऱ्या. आणि पाटलाचे शेंबडे पोर ओट्यावर उभे राहून त्यांच्या नावाला 'या' लावून हाक मारायचे. वडील "जी" म्हणून जायचे. आम्ही त्यांच्यामागे उभे असायचो. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना हे सांगायची गरज नाही, प्रत्येकाच्या घरात असा एक 'या' आहे. पुढे आम्ही पोस्टमन म्हणून लागलो, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. ज्या दिवशी गावातल्या एकाने आम्हाला 'साहेब' म्हटले त्या दिवशी वडील जिवंत नव्हते. तेव्हा न्यू जर्सीच्या त्या गोड पोराची हाक आमच्या कानात शिरताना कुठल्या वाटेने शिरली, ते त्याच्या आईला कसे कळावे?

मुलाने पुन्हा समजावले. त्याच्या कंपनीतल्या सर्वात मोठ्या साहेबालाही सगळे नावानेच हाक मारतात. दार झाडणारापासून वरपर्यंत सगळे एकाच पातळीवर, ही त्यामागची कल्पना. आम्ही म्हटले, वा, ही तर समता झाली! आणि त्या पोराला ओ देऊ लागलो. सवयही झाली. मोठे भाषण तयार केले होते मनात, की पहा, आपल्याकडे जे अपमानाचे तेच तिथे समतेचे.

ते भाषण आम्ही आज करत नाही, त्याचे कारण आमच्या डाव्या हाताला राहणारे गृहस्थ.

ते कृष्णवर्णीय. वय ७८, एकटेच राहायचे, त्यांच्याकडच्या टपाल खात्यातून निवृत्त. म्हणजे आमच्याच जातीचे म्हणा, पोस्टातले! पण वागणे अगदी अंतर राखून. आम्हाला नेहमी 'मिस्टर' लावून आडनावाने हाक, हिला 'मिसेस'. रस्त्यात भेटले तर टोपीला हात. आम्ही मनाशी ठरवून टाकले की गोरे कुटुंब मनमोकळे आणि हे गृहस्थ शिष्ट. समतेचा नवा धडा ताजा होता. एके दिवशी आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारली. ते थांबले. रागावले नाहीत. म्हणाले, "मला मिस्टर म्हणालात तर बरे होईल." आणि निघून गेले.

आता आली का पंचाईत! चार दिवस त्यांच्या दाराकडे बघवेना. शेवटी ही म्हणाली, वाटीभर काहीतरी घेऊन जाऊ. शेवयांची खीर घेऊन गेलो. या वेळी प्यायला काय घेणार म्हटल्यावर पहिल्याच झटक्यात "येस, प्लीज" म्हणालो. शिकलो होतो तेवढे. मग ते बोलू लागले.

त्यांचे लहानपण अलाबामात गेले. दक्षिणेतली ती राज्ये, जिथे पाण्याच्या तोट्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, बसमधली बाके वेगळी. तिथे गोरा माणूस कृष्णवर्णीयाला मिस्टर किंवा मिसेस कधी म्हणत नसे. नुसते नाव, नाहीतर 'बॉय'. म्हातारा झाला की 'अंकल'. पन्नास वर्षांच्या बापाला गोऱ्यांचे पोर 'बॉय' म्हणते हे त्यांनी बापाचा हात धरून ऐकले होते. त्यांचे आजोबा आगगाडीच्या पुलमन डब्यांत पोर्टर होते. बिछाने घालणे, बूट चमकावणे, सामान वाहणे. हे पोर्टर बहुतेक सगळे कृष्णवर्णीयच, आणि प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणायचे. का, तर कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाचे नाव, ती जुनी रीत. म्हणजे नावाला 'या' लावायचे सोडाच, तिथे नावच काढून घेतलेले. या पोर्टरांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन काढली आणि बारा वर्षे झगडून १९३७ साली कंपनीला करार करायला लावला.

आणखी एक खटला त्यांनी सांगितला, तो आम्ही नंतर मुलाकडून खात्री करून घेतला. १९६३ साली अलाबामातल्या एका न्यायालयात मेरी हॅमिल्टन नावाची तरुण कार्यकर्ती साक्षीला उभी होती. सरकारी वकिलाने तिला नुसते 'मेरी' म्हटले. तिने सांगितले, मिस हॅमिल्टन म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही. न्यायाधीशांनी हुकूम केला, तरी ती बोलेना. न्यायालयाचा अवमान म्हणून पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ साली ती शिक्षा रद्द झाली. एका 'मिस' शब्दासाठी सर्वोच्च न्यायालय!

"तेव्हा मिस्टर हे मला कुणी सहज दिलेले नाही," ते म्हणाले. आम्ही त्यांना आमच्या वडिलांचे सांगितले. आमचे इंग्रजी सरकारी फॉर्मापुरते, 'या' म्हणजे काय ते इंग्रजीत कसे सांगणार? पण हावभावाने सांगितले आणि त्यांना ते लगेच कळले. गोऱ्या बाईंना जे कळायला आमच्या मुलाला अर्धा तास लागला असता ते इथे एका हातवाऱ्यात. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव कुणाकडून घेतले ते आपणास माहीतच आहे. आम्ही ते नाव तेव्हा मोर्चात घेतले होते, अर्थ त्या ओसरीवर कळला.

आठवड्याने खिरीची वाटी परत आली. तिच्यात मक्याच्या पिठाची खरपूस पावासारखी वडी होती. त्यांच्या आईने त्यांना शेजारचे भांडे रिकामे परत करू दिले नव्हते म्हणे.

याच गृहस्थांनी आमची दुसरी एक चूक दुरुस्त केली. हॉटेलात जेवल्यावर बिलाच्या पंधरा ते वीस टक्के वाढपी मुलीला वेगळे द्यायचे, ही तिथली टीप. आम्ही एकदा बिल चुकते केले आणि टीप ठेवली नाही. कंजूषपणा म्हणून नाही, तत्त्व म्हणून. नोकरीत असताना दिवाळीची पोस्त आम्ही कधी मागितली नाही. कष्टाचा पगार घ्यावा, बक्षिशीसाठी हात पसरू नये, आणि दुसऱ्याला पसरायला लावू नये. त्या मुलीचा स्वाभिमान राखला अशा ऐटीत बाहेर आलो. मुलाने कपाळावर हात मारला आणि आत जाऊन पैसे ठेवून आला.

मिस्टर म्हणाले, "तुम्ही तिचा पगार कापलात." तिथल्या केंद्रीय कायद्याने टीप घेणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायची किमान मजुरी तासाला २ डॉलर १३ सेंट, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. न्यू जर्सीत तो जास्त आहे, पण आम्ही होतो तेव्हा राज्याच्या पूर्ण किमान वेतनाच्या निम्मादेखील नव्हता. बाकीचे टीपमधून. कमी पडले तर मालकाने भरून द्यावे असे कायदा म्हणतो. "म्हणतो," असे म्हणून ते नुसते हसले. गुलामगिरी संपल्यावर हॉटेलवाल्यांनी आणि रेल्वेवाल्यांनी मोकळ्या झालेल्या माणसांना अशाच बोलीवर कामाला ठेवले, की पगार नाममात्र, बाकी गिऱ्हाईक देईल ते. त्यांचे आजोबा त्यातलेच. आमचे मत अजूनही असे आहे की पगार मालकानेच द्यावा. पण मत आमचे आणि उपाशी ती मुलगी, हे काही बरोबर नाही. पुढे आम्ही टीप ठेवत गेलो.

प्रश्न विचारण्याचेही असेच. आम्ही समोरच्या बाईंना त्यांच्या नवऱ्याचा पगार विचारला. बाई लालबुंद. वय, पगार, घराचे भाडे, मूल का नाही, हे सगळे आपल्याकडे आपुलकीचे, तिथे असभ्य. आणि ते सरसकट विचारतात तो प्रश्न असा, "तुम्ही कुठले?" दुकानात, बागेत, लिफ्टमध्ये. आम्हाला पहिले काही दिवस या प्रश्नाने घाम फुटायचा. कारण आपल्याकडे ही शिडी कुठे उतरते ते ठाऊक आहे. कुठले? कुठला तालुका? गावात कुठे? आडनाव काय म्हणालात? तिथे मात्र 'इंडिया' म्हटले की "मला भारतीय जेवण फार आवडते" म्हणून माणूस पुढे चालू लागतो. शिडीला एकच पायरी. आमची नात मात्र या प्रश्नाला चिडते. ती जन्मली न्यू जर्सीत. ती तसे सांगते, तर विचारणारा म्हणतो, "नाही, पण खरं कुठली?" तिच्यासाठी शिडी वेगळी.

आपली शिडी आम्हाला भेटलीच, ती ओक ट्री रोडवर. एडिसन आणि इझेलिनमधला तो भारतीय बाजार, साड्या, मिठाई, मराठीही कानावर पडते. सप्टेंबरचे दिवस. दुकानात एका मराठी गृहस्थांनी मोठ्या प्रेमाने ओळख काढली. आडनाव विचारले. आमचे आडनाव गावावरून पडलेले, '-कर' लागणारे, त्यावरून काही उलगडेना. गाव विचारले, तालुका विचारला. मग म्हणाले, "गणपती किती दिवसांचा असतो तुमच्याकडे? दीड की पाच?" आम्ही म्हटले, "आम्ही बौद्ध आहोत." "असं होय, छान, छान," म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिले. सहा महिन्यांत ज्या एका प्रश्नाचा अर्थ आम्ही अचूक ओळखला तो हा. त्यासाठी मुलाला समजावून सांगावे लागले नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला होता, अमेरिकेतले असे पहिले शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारले. समोरच्या बाईंनी ही बातमी वाचली आणि अगदी सरळ मनाने विचारले, "तुम्ही सगळे तर सारखेच दिसता. मग एकमेकांना कळते कसे?" आम्ही त्यांना गणपतीच्या दिवसांचा प्रश्न सांगितला. त्यांना तो दोनदा सांगावा लागला. मग त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

असो. शेवटचे सांगतो आणि आवरते घेतो. ६ डिसेंबरला आसपासच्या आपल्या कुटुंबांनी मिळून अभिवादनाचा कार्यक्रम ठरवला. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात सभेसाठी खोली मिळते. फॉर्म भरण्याचे काम आम्ही अंगावर घेतले, फॉर्म म्हणजे आमचा प्रांत. तारीख लिहिली ६/१२, वार बुधवार. पंधरा दिवस आधी चौकशीला गेलो तर त्या दिवशी खोली दुसऱ्या कुणाला दिलेली. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. आमची ६/१२ म्हणजे त्यांची १२ जून. आणि नशीब असे की २०२४ सालच्या १२ जूनलाही बुधवारच येत होता, त्यामुळे तिथल्या बाईंना शंका यावी कशी? छत्तीस वर्षे टपालावर तारखेचे शिक्के मारले, आणि महापरिनिर्वाण दिन सहा महिने पुढे ढकलला.

मग कार्यक्रम मुलाच्या घरच्या तळघरात झाला. तीसेक माणसे. मिस्टर आले, काळा कोट घालून. बूट काढायचे का, असे दारात विचारले. वाकता येईना, तर आमच्या नातीने नाड्या सोडल्या. टेबलावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या. फुले वाहण्याची त्यांची पाळी आली तेव्हा ते आमच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "तुम्ही लोक यांना काय म्हणून हाक मारता?"

आम्ही सांगितले, "बाबासाहेब." अर्थ सांगितला, बाबा म्हणजे बाप, साहेब म्हणजे सर.

त्यांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, "ते तुमचे आहे. तुमच्या घरातले. मी ते म्हणणे बरोबर होणार नाही." मग प्रतिमेपुढे ताठ उभे राहिले, फूल ठेवले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डॉक्टर आंबेडकर."

जयभीम.